सर्व्हरची ठेवण : अनेक यंत्रांना एक शिस्त लावण्याच्या रीती

परीक्षेचा निकाल पाहताना, रेल्वेचे आरक्षण करताना किंवा बँकेच्या शाखेत पैसे भरताना आपल्यासमोर जो संगणक असतो, तो एकटा काम करीत नसतो. त्याच्या पाठीमागे, बहुधा आपण कधीही न पाहिलेल्या एखाद्या खोलीत, दुसरे एक यंत्र अहोरात्र चालू असते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे आणि दिलेली माहिती जपून ठेवणे हे त्याचे काम. अशा यंत्रास सर्व्हर म्हणतात. मोठ्या कंपन्यांकडे असे सर्व्हर हजारोंनी असतात आणि ते सांभाळावयास माणसेही शेकड्यांनी असतात. परंतु महाविद्यालये, संशोधनसंस्था, सहकारी बँका, रुग्णालये यांच्याकडे पाचपंचवीस सर्व्हर आणि दोनतीन माणसे एवढाच संसार असतो. अशा लहान गटाने आपल्या यंत्रांची व्यवस्था कशी लावावी, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

ठेवण म्हणजे काय?

दुकानातून आणलेला सर्व्हर हा कोऱ्या वहीसारखा असतो. त्याला नाव द्यावे लागते, जाळ्यातील पत्ता द्यावा लागतो; कोणते प्रोग्रॅम, कोणत्या आवृत्तीचे, त्यात असावेत हे ठरवावे लागते; कोणास आत येऊ द्यावे, कोणास काय पाहू द्यावे, घड्याळ कोणाकडून लावून घ्यावे, माहितीची दुसरी प्रत रोज किती वाजता व कोठे ठेवावी, हे सर्व सांगावे लागते. या सांगण्यांच्या समुच्चयास कॉन्फिगरेशन म्हणतात. आपण त्यास 'ठेवण' म्हणू. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरात ही ठेवण बहुतांशी साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेली असते. एकाच कारखान्यातून आलेली दोन यंत्रे ठेवणीच्या भेदामुळे सर्वस्वी भिन्न वागू शकतात.

पाठभेद कसे पडतात

एक यंत्र नीट लावणे कठीण नाही. दहा यंत्रे सारखी लावणे आणि ती वर्षानुवर्षे सारखी राखणे, हे मात्र कठीण आहे. याचे कारण समजण्यास आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासाकडे पाहावे. ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० च्या सुमारास पूर्ण झाली. त्या काळी छापखाना नव्हता. ग्रंथ हातांनी उतरवून घ्यावा लागे. एका लेखकाने एखादा अवघड शब्द सोपा केला, दुसऱ्याच्या हातून ओळ गळली, तिसऱ्याने आपल्या पदरची ओवी घातली. असे होता होता सुमारे तीनशे वर्षांत पाठभेद फार माजले. तेव्हा संत एकनाथांनी अनेक प्रती ताडून पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली भर घालू नये असे बजावले.

सर्व्हरांच्या बाबतीत हाच प्रकार घडतो. फरक एवढाच की त्यास तीनशे वर्षे लागत नाहीत, तीन महिने पुरतात. सोमवारी एका यंत्रात काही अडचण आली म्हणून कोणी घाईने एक आकडा बदलला. गुरुवारी दुसऱ्या यंत्रावर नवी आवृत्ती चढविली, तिसऱ्यावर चढवावयाची राहून गेली. प्रत्येक बदल त्या त्या वेळी योग्यच होता. परंतु वर्षअखेरीस कोणतीही दोन यंत्रे सारखी उरली नाहीत, आणि ती कोठे व का वेगळी झाली हे सांगणारेही कोणी उरले नाही. एकनाथांनी जी दोन कामे केली, म्हणजे एक प्रमाण प्रत ठरविणे आणि परस्पर फेरबदलास आळा घालणे, तीच दोन कामे सर्व्हर सांभाळणाऱ्यास करावी लागतात.

एका यंत्रापासून तीस तबकड्यांपर्यंत

आपल्या देशातील एका लहान गटाचे उदाहरण येथे घेण्याजोगे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी भारतातील आरंभीचा एक मोठा संगणक स्वतः बांधला. तो १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित जवाहरलाल नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. तेथे यंत्र एकच होते आणि ते बांधणारेच ते चालवीत होते. त्याची ठेवण तारांत होती, आणि ती बांधणाऱ्यांच्या डोक्यात होती. एक यंत्र आणि त्याचे जन्मदाते असेपर्यंत तेवढे पुरते.

याच संस्थेचा एक भाग असलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने जुन्नर तालुक्यात खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. प्राध्यापक गोविंद स्वरूप हे तिचे प्रणेते. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरात आहेत, तर उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोहोंतील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. प्रत्येक तबकडीचा संदेश प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत येतो आणि तेथे दर दोन तबकड्यांच्या संदेशांची परस्परांशी तुलना केली जाते. प्रारंभी हे काम त्यासाठीच घडविलेल्या खास विद्युत्‌मंडलांकडे होते. पुढे बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह जाळ्याने जोडून तेच काम प्रोग्रॅमांकरवी होऊ लागले.

आता थोडे गणित करू. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० ला २९ ने गुणून २ ने भागले असता ४३५ येतात. समजा, यांपैकी एकाच तबकडीच्या संदेशास लावावयाचा कालांतराचा आकडा चुकीचा लिहिला गेला. तर ती तबकडी ज्यांत भाग घेते अशा २९ जोड्या बिघडतील. चूक एका ठिकाणी, हानी एकोणतीस ठिकाणी. शिवाय यंत्र बंद पडत नाही, दिवा लाल होत नाही. आकडे येतच राहतात, ते केवळ खोटे असतात. बंद पडलेले यंत्र आपणास लगेच सावध करते. चुकीच्या ठेवणीने चालू राहिलेले यंत्र मात्र आपली फसवणूक करीत राहते. म्हणून ठेवण हा किरकोळ विषय नव्हे.

चार रीती

यंत्रांची ठेवण राखण्याच्या चार मुख्य रीती आहेत.

पहिली रीत हाताची. माणूस यंत्रापाशी बसतो, बदल करतो आणि वहीत टिपून ठेवतो. एकदोन यंत्रे असतील तर या रीतीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु रात्री दोन वाजता बिघाड दुरुस्त करणारा मनुष्य वही उघडतोच असे नाही. एकदा एक नोंद चुकली की वही आणि यंत्र यांचे मार्ग वेगळे होतात, आणि पुढे वहीवर कोणाचा विश्वास राहत नाही. त्याहून मोठा दोष असा की खरे ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात साठते.

दुसरी रीत प्रतिकृतीची. एक यंत्र मनासारखे लावावयाचे आणि त्याच्या संपूर्ण साठ्याची हुबेहूब नक्कल इतर यंत्रांवर उतरवावयाची. आपल्या जामसांवली, सौंसर, पांढुर्णा भागातील मुलांना ही रीत समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. संत्र्याची बाग लावताना आपण बियांपासून झाडे वाढवीत नाही. उत्तम मातृवृक्षाचा डोळा जंभेरीच्या खुंटावर बांधतो. त्यामुळे बागेतील सर्व झाडे मातृवृक्षासारखी निपजतात. प्रतिकृतीचा लाभ तोच. परंतु तिचा धोकाही तोच आहे. मातृवृक्षात विषाणूचा रोग दडलेला असेल, तर तो प्रत्येक कलमात उतरतो. तद्वत् मूळ यंत्रातील दोष सर्व यंत्रांत जातो. शिवाय प्रत्येक यंत्राचे नाव व पत्ता वेगळाच असावा लागतो, आणि एक लहानसा बदल करावयाचा झाला तरी नवी प्रतिकृती घडवून ती सर्वत्र उतरवावी लागते. शाळेच्या प्रयोगशाळेतील एकसारख्या संगणकांना ही रीत उत्तम. निरनिराळी कामे करणाऱ्या सर्व्हरांना ती अपुरी पडते.

तिसरी रीत आज्ञापत्राची. जे आदेश हाताने द्यावयाचे, ते क्रमाने एका फायलीत लिहून ठेवावयाचे आणि ती फाईल प्रत्येक यंत्रावर चालवावयाची. अशा फायलीस स्क्रिप्ट म्हणतात. येथे लेखनच कृती करते, म्हणून पहिल्या रीतीपेक्षा ही पुष्कळ वरची. परंतु आज्ञापत्रास परिस्थितीचे भान नसते. "अमुक फायलीच्या शेवटी ही ओळ जोड" असा आदेश दोनदा चालला तर ओळ दोनदा जोडली जाते. दहा आदेशांपैकी सहाव्यास अडखळून ते थांबले, तर यंत्र अर्ध्या वाटेवर राहते. पुन्हा पहिल्यापासून चालवावे की सातव्यापासून, हा प्रश्न उरतोच.

चौथी रीत इच्छित स्थितीची. हिचे मर्म एका साध्या दृष्टान्ताने कळेल. "दिव्याचे बटण दाब" ही आज्ञा दोनदा पाळली तर दिवा लागून पुन्हा विझेल. "दिवा लागलेला असावा" ही इच्छा शंभरदा सांगितली तरी दिवा लागलेलाच राहील. कारण ऐकणारा प्रथम पाहतो, विझलेला असेल तरच लावतो, एरवी हात लावीत नाही. या रीतीत आपण कृती सांगत नाही, स्थिती सांगतो. हा प्रोग्रॅम या आवृत्तीचा असावा, ही फाईल अशी असावी, ही सेवा चालू असावी, एवढे लिहावयाचे. प्रत्यक्ष स्थिती व इच्छित स्थिती यांतील अंतर शोधून ते मिटविण्याचे काम साधनाने करावयाचे. कितीही वेळा चालविले तरी परिणाम एकच, हा या रीतीचा सर्वांत मोठा गुण होय.

ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या आरंभीच्या साधनांत 'सीएफइंजिन'चे नाव प्रथम येते. ते मार्क बर्जेस यांनी १९९३ साली ओस्लो विद्यापीठात असताना लिहिले. लूक केनीझ यांचे 'पपेट' २००५ साली, 'शेफ' २००९ साली आणि मायकेल डिहान यांचे 'अ‍ॅन्सिबल' २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यात एक भेद ध्यानात ठेवावा. पपेटसारख्या साधनात प्रत्येक यंत्रावर एक लहान प्रतिनिधी बसविलेला असतो, तो ठराविक वेळाने मध्यवर्ती सर्व्हरकडे जाऊन "माझी स्थिती कशी असावी?" असे विचारतो. सूचनाफलकावरील मजकूर प्रत्येक वर्गनायकाने स्वतः जाऊन उतरवून घ्यावा, तशी ही पद्धत. अ‍ॅन्सिबलमध्ये उलट प्रकार आहे. शिक्षकाने वर्गोवर्गी जाऊन सूचना सांगावी त्याप्रमाणे एका यंत्रावरून इतर यंत्रांत एसएसएच या सुरक्षित मार्गाने शिरून काम केले जाते. पहिल्या पद्धतीत यंत्रे भरकटली तरी पुन्हा आपोआप वळणावर येतात. दुसरीत वेगळा मध्यवर्ती सर्व्हर आणि प्रतिनिधी यांचा भार वाहावा लागत नाही.

फेरफाराची नोंद

ठेवण फायलींत लिहिली म्हणजे काम संपले असे नाही. त्या फायलींचा इतिहासही राखला पाहिजे. महाराष्ट्रातील जमिनीच्या दप्तरात सातबारा उतारा आज जमीन कोणाच्या नावे आहे हे सांगतो, तर फेरफार नोंदवही ती तशी कशी झाली, केव्हा आणि कोणत्या कारणाने, हे सांगते. वाद उपस्थित झाला म्हणजे फेरफार पाहिल्यावाचून निर्णय होत नाही. संगणकाच्या फायलींची अशी फेरफार नोंदवही ठेवणारी साधने आहेत. वॉल्टर टिखी यांचे 'आरसीएस' हे १९८२ च्या सुमाराचे. आज सर्वत्र वापरले जाणारे 'गिट' लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिहिले. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली हे त्यात राहते. कारण मात्र बदलणाऱ्यानेच लिहावे लागते, आणि ते लिहिण्याचा आळस करू नये. बदल अंगलट आला तर कालच्या स्थितीस परत जाता येते. केवळ एक पथ्य पाळावे: परवलीचे शब्द या नोंदवहीत लिहू नयेत; कारण तीत एकदा लिहिलेले सहजासहजी पुसले जात नाही.

तीन अपघात

या गोष्टींकडे दुर्लक्ष केल्याने काय होते, हे तीन प्रसिद्ध प्रसंगांवरून दिसून येईल.

अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात व्यवहार करणारी कंपनी. तिच्या एका कामासाठी आठ सर्व्हर होते. त्यांवर नवा प्रोग्रॅम घालताना सात यंत्रांवर घातला गेला, आठवे राहून गेले; आणि दुसऱ्या कोणी ते काम तपासून पाहिले नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच आठव्या यंत्रातील जुना, वापरातून गेलेला भाग जागा झाला आणि त्याने भराभर नको ते सौदे केले. गोंधळात चालकांनी उरलेल्या सात यंत्रांवरील नवा प्रोग्रॅमच काढून टाकला. त्यामुळे संकट अधिकच वाढले. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. कोणते यंत्र कोणत्या स्थितीत आहे हे ठाऊक नसेल, तर औषधही विष होते.

दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०१७ चा. गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा दुय्यम यंत्रावरील माहिती पुसावयाची म्हणून मुख्य यंत्रावरीलच पुसली. प्रती ठेवण्याच्या पाच तऱ्हा होत्या. त्यांतील एकही वेळेवर भरवशाची ठरली नाही. सुदैवाने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत सापडली, तरी मधल्या सहा तासांची माहिती गेलीच. प्रत ठेवणे निराळे आणि त्या प्रतीतून यंत्र पुन्हा उभे राहते की नाही हे पडताळणे निराळे.

तिसरा प्रसंग १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रोग्रॅमाची ठेवण सांगणारी एक सदोष फाईल जगभर एकदमच धाडली आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशातही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. जे साधन चांगला बदल क्षणात सर्वत्र पोहोचविते, ते वाईट बदलही तितक्याच वेगाने पोहोचविते. म्हणून कोणताही बदल आधी एका यंत्रावर, मग थोड्यांवर, आणि शेवटी सर्वांवर करावा.

लहान गटाने काय करावे

समजा, एखाद्या संस्थेत तीन माणसे आणि बारा सर्व्हर आहेत. त्यांनी मोठ्या कंपन्यांचे अनुकरण करून सर्वांत अवजड साधन पहिल्याच दिवशी आणू नये. साधन शिकणे व सांभाळणे हेही काम आहे, आणि तीन माणसांचा दिवस चोवीस तासांचाच असतो. प्रथम सर्व यंत्रांची यादी करावी: नाव, काम, जबाबदार व्यक्ती. ही यादी करतानाच एखादे विसरलेले यंत्र सापडते, असा बहुतेकांना अनुभव येईल. नंतर प्रत्येक यंत्राच्या ठेवणीच्या फायली परवलीचे शब्द वगळून गिटमध्ये ठेवाव्यात. एवढ्यानेही अर्धे भय नाहीसे होते. त्यानंतर सर्व यंत्रांना समान असलेल्या गोष्टी, म्हणजे घड्याळ, वापरणाऱ्यांची नावे, प्रती घेण्याची वेळ, या इच्छित स्थितीच्या रूपाने लिहाव्यात. वेगळा मध्यवर्ती सर्व्हर लागत नसल्यामुळे आरंभास अ‍ॅन्सिबलसारखे साधन सोयीचे. यंत्रे दोनतीनच असतील, तर नीट लिहिलेले आज्ञापत्र आणि गिट एवढेही पुरे. निराळे काम करणाऱ्या यंत्रांची ठेवण मागाहून, एकेक करून, या व्यवस्थेत आणावी.

तीन नियम मात्र कोणत्याही रीतीत मोडू नयेत. यंत्रात परस्पर बदल करू नये. घाईत केलाच, तर दुसऱ्या दिवशी तो लेखात आणावा. एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने वाचल्याखेरीज चालवू नये. आणि वर्षातून एकदा तरी एक कोरे यंत्र घेऊन, ज्याने ती व्यवस्था लिहिली नाही अशा माणसाकडून, केवळ लेखाच्या आधारे ते उभे करवावे. ते उभे राहिले तर लेख खरा. न राहिले तर जे राहून गेले आहे ते त्या दिवशी सापडेल, संकटाच्या दिवशी नव्हे.

हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. लहान गटातील माणूस बदलून जातो, आजारी पडतो, निवृत्त होतो. त्याच्याबरोबर ज्ञान गेले तर रुग्णालयात रुग्णाचा जुना अहवाल मिळत नाही, विद्यार्थ्याला गुणपत्रिका मिळत नाही, शेतकऱ्याचे पैसे खात्यात वेळेवर पडत नाहीत. या लोकांना सर्व्हर हा शब्दही ठाऊक नसतो, परंतु त्याच्या ठेवणीचे बरेवाईट फळ त्यांच्याच पदरी पडते. तुमच्यापैकी काहीजण उद्या नागपूर, भोपाळ, पुणे अशा ठिकाणी ही यंत्रे सांभाळावयास जातील. आपल्यावाचून काम अडते यात काही जण भूषण मानतात. आपण गेल्यावरही काम न अडावे अशी व्यवस्था मागे ठेवून जाणारा कारागीर अधिक मोठा, हे ध्यानी ठेवावे.

स्वाध्याय

१. एका दुर्बिणीत १२ तबकड्या आहेत. जोड्या किती होतील? एका तबकडीची ठेवण चुकल्यास किती जोड्या बिघडतील?

२. पुढील आज्ञा इच्छित स्थितीच्या रूपात लिहा : "दार लाव", "टाकीत दोन बादल्या पाणी ओत", "हजेरीपटात नवे नाव लिही". यांपैकी कोणती आज्ञा दोनदा पाळली असता नुकसान होईल, आणि का?

३. आपल्या घरातील असे एक काम शोधा की जे एकाच व्यक्तीला येते. ती व्यक्ती आठ दिवस परगावी गेली तर ते इतरांना करता यावे, अशा रीतीने त्याची कृती लिहून काढा. मग ती दुसऱ्या कोणाकडून, स्वतः काहीही न सांगता, करवून पाहा.